अकरा नंबरच्या खाटेची सुतळी

लिही. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, जन्मभर भित्री होती. असंच लिही. माणूस गेलं की सगळे त्याला शूर करून टाकतात. यांच्या बाबतीत तर ते जिवंतपणीच झालं. पेपरात फोटो आला आणि खाली छापलं, ‘लाँड्रीतली वाघीण’. तुझ्या आजोबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा वाघीण खुर्चीवर उभी होती, कारण मोरीत पाल निघाली होती.

मी त्यांना वन्सं म्हणायचे. ही बाई आपल्याच सरकारच्या विरुद्ध, बाहेरदेशच्या मोठ्या कोर्टापुढे साक्षीला बसली. का बसली ते तुझ्या वहीत नीट राहू दे, कारण त्यातली मोठी चूक माझी होती.

वन्संचं लग्न झालं होतं. तीनदा दिवस गेले आणि तीनदा पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळं गेलं. चौथ्या वेळी नवरा गेला. मेला नाही गं, दुसरीकडे राहायला गेला. मग एक ट्रंक घेऊन त्या आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मी फार खात नाही." ते खोटं होतं. चिकार खायच्या. पण कामाला वाघ. आता मीच वाघ म्हटलं बघ. खोड ते, बैल म्हण.

मी सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात, लाँड्रीत इस्त्रीला होते. मुकादमाला सांगून वन्संनाही तिथे चिकटवलं. तळघरात लांबच्या लांब खोली, एका टोकाला बॉयलर, मध्ये सिमेंटचे हौद, दुसऱ्या टोकाला माझं इस्त्रीचं टेबल. वरून वॉर्डातल्या चादरींची गाठोडी ढकलगाडीतून खाली यायची. वन्संकडे रक्ताचा वॉर्ड होता. बारा खाटा होत्या तिथे. अडलेल्या, नडलेल्या बायका तिथे ठेवायचे. त्यांच्या चादरी वेगळ्या, थंड पाण्यात भिजवायच्या. गरम पाणी लागलं की रक्ताचा डाग जन्माचा बसतो, हे तूही लक्षात ठेव.

वॉर्डाची सिस्टर सारखी आळ घ्यायची की लाँड्रीवाल्या चादरी चोरतात. काही चादरी धुण्याच्या पलीकडे जायच्या, त्या जाळाव्या लागायच्या, आणि मोजणीत कमी पडायच्या. आम्हाला दोघींना लिहिता येत नाही. वन्संनी काय केलं, भिंतीवर बारा खिळे मारून घेतले आणि बारा सुतळ्या टांगल्या. एका खाटेची एक सुतळी. खाटेवरून जेवढ्या चादरी उतरल्या तेवढ्या गाठी. वाराला एक रंगीत चिंधी, जुन्या झग्यांची फाडलेली. सोमवारची निळी, मंगळवारची पिवळी, असं. वर कोणी बाळंत झाल्याचं कळलं की त्या खाटेच्या सुतळीवर एक फासगाठ, जुळ्यांना जोडगाठ. आठवडा संपला की बाराही सुतळ्या एकत्र बांधून, जुडगे ओळीने एका दोरीत ओवून सोड्याच्या रिकाम्या डब्यात. सिस्टर भांडायला आली की वन्सं थरथरत थरथरत डबा पुढे करायच्या. दोन भांडणांनंतर सिस्टरनेच नाद सोडला.

आता एक गोष्ट नीट ऐक, यातच सगळं आहे. गाठोडी संध्याकाळी यायची. आल्या आल्या भिजवायची, आणि धुवायची दुसऱ्या दिवशी. म्हणून आम्ही ती दुसऱ्या दिवसाची धरायचो. रविवारी संध्याकाळी आलं ते सोमवारचं धुणं, त्याला निळी चिंधी. आमचा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा म्हण ना. आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. आपल्या घरात मीठ कुठे ठेवतो ते कोणी पाहुण्याला समजावून सांगत बसतं का?

तर एका आठवड्यात अकरा नंबरच्या खाटेवर एक मुलगी आली. तेवीस वर्षांची, शिवणकाम करायची. पाचवा महिना चालू होता, घरीच पाणी गेलं. आईला घेऊन आपल्या पायांनी जिने चढून आली. बाळ काही वाचणार नव्हतं, हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं. पण त्याच्या काळजाचा ठोका लागत होता. आणि आपल्याकडचा कायदा असा की ठोका लागतोय तोवर हात लावायचा नाही. लावला तर डॉक्टर तुरुंगात, बाईही तुरुंगात. बाईच्या जिवावर बेतलं तर सूट आहे, असं लिहिलं होतं म्हणे. पण जिवावर कधी बेतलं म्हणायचं, ताप किती चढला की, रक्त किती गेलं की, ते कुठेच लिहिलं नव्हतं. वॉर्डातली मावशी खाली येऊन सांगायची, "डॉक्टर पोरगाच आहे गं, तीनदा फोन केला त्याने साहेबाला. साहेब म्हणतो थांब."

अकरा नंबरच्या सुतळीवर पहिल्या संध्याकाळी तीन गाठी, दुसऱ्या संध्याकाळी पाच. तिसऱ्या संध्याकाळी नऊ. नऊ चादरी एका खाटेच्या. हौदातलं पाणी चारदा बदललं वन्संनी. बुधवारी उजाडता उजाडता मुलगी गेली.

तिची आई मग आमच्या लाँड्रीच्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायला लागली. रोज. कारण दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिलं होतं की मुलगी मंगळवारी दुपारी दाखल झाली, अंगात जंतूंचं विष भिनलेल्या अवस्थेत. म्हणजे आईने उशिरा आणली. शेजारीपाजारी तोंडावर बोलायचे, वेळेवर नेली असती तर. नवऱ्याकडचे तर खुनी म्हणायचे तिला. ती एकच वाक्य बोलायची, "मी रविवारी आणली. दुपारची जेवणं झाली आणि लगेच आणली."

तिला एक वकीलबाई भेटली, आणि वकीलबाईबरोबर बाहेरदेशची एक उंच बाई. आपल्या कोर्टांनी रजिस्टर खरं धरलं होतं. आता वर एकच कोर्ट उरलं होतं, बऱ्याच देशांनी मिळून नेमलेलं. आपल्या देशाने फार वर्षांपूर्वी त्या करारावर सही केली होती म्हणे, की आमच्याकडच्या माणसाचा जीव आम्ही राखू आणि राखला नाही तर तुम्ही विचारा.

वकीलबाई पुरावा शोधत खाली लाँड्रीत आली. वन्सं तेव्हा मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होत्या. मी होते. मी बडबडी, तुला माहीतच आहे. मी खिळा दाखवला, डबा उघडला, सुतळी काढली, आणि चिंध्यांवरून घडाघडा सांगून टाकलं, "सोमवारी तीन, मंगळवारी पाच, बुधवारी नऊ." तिने लिहून घेतलं. मग वन्संना बोलावलं, त्यांनी अंगठा दिला. कागद वाचून दाखवला तेव्हा त्या नुसत्या मान हलवत होत्या. त्यांच्याही मनात निळी म्हणजे सोमवारच होती ना.

दोन महिन्यांनी दारावर थाप पडली. भरदुपारी. खाकी कपड्यातला एक आणि साध्या कपड्यातला एक. साधा होता तोच जास्त भीतीदायक, कारण तो फार गोड बोलत होता.

"मावशी, तुम्ही साक्ष दिलीत ना?"

वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगडीचा वळ दोघींच्या हातावर उठला.

"मुलगी बुधवारी पहाटे वारली," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता बुधवारी संध्याकाळी तिच्या खाटेवरून नऊ चादरी आल्या. मेलेलं माणूस दिवसभर रक्त सांडत होतं का, मावशी? आणि तिची आई म्हणते रविवार, तुम्ही म्हणता सोमवार. तुम्हाला कोणी शिकवून पाठवलं? काय दिलं?"

मला तिथेच कळलं. बडबडी म्हणतेस ना मला, त्या दिवशी माझी वाचा बसली.

त्याने एक कागद ठेवला. आजोबांनी संध्याकाळी वाचला. बाहेरच्या कोर्टापुढे खोटं सांगून देशाची बदनामी केली तर सात वर्षं. पुढच्या महिन्यात मोठ्या कोर्टापुढे उलटतपासणी आहे, हजर राहा, नाहीतर आधीच जबाब मागे घ्या. खाली मागे घ्यायचा अर्जही जोडलेला, नुसता अंगठा द्यायची खोटी.

त्या महिन्यात आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. तुझा बाप तेव्हा नुकता नोकरीला लागला होता, त्याला साहेबाने विचारलं, ती आत्या तुझीच का. आम्ही घरच्यांनी दार वाजवायची खूण ठरवली, दोन टिचक्या आणि एक थाप. खुणेवाचून वाजलं की वन्सं न्हाणीघरात जायच्या. पालीची भीती दुसऱ्या नंबरावर गेली, यावरून समज.

मुकादम म्हणाला, "बाई, तो डबा बॉयलरमध्ये घाल आणि मोकळी हो. सुतळीच ती." वन्सं डबा घेऊन बॉयलरपाशी गेल्या. मी माझ्या टेबलामागून बघत होते. दार उघडलं, तोंडावर झळ आली, उभ्या राहिल्या, आणि परत आल्या.

"का हो वन्सं?"

"अगं, उद्या सिस्टर परत चादरी मागायला आली म्हणजे?"

घरी आणून त्यांनी तीन वर्षांच्या सुतळ्या उशीत भरल्या. रोज सकाळी मान धरलेली असायची.

शेवटी मी त्यांना सांगितलं. भाजी निवडत होतो दोघी. मी म्हटलं, "वन्सं, चूक माझी आहे. ती चिंधी धुण्याच्या वाराची असते हे मी बाईला सांगितलंच नाही. मी जाते तिथे. सांगते की मी बोलले."

त्या शेंगा मोडत राहिल्या. "मला माहीत आहे तू बोललीस. दुसरं कोण एवढं बोलतं घरात?"

"मग मला जाऊ द्या."

"अंगठा माझा आहे. आणि तुला लेकरं आहेत." मग थोड्या वेळाने, "शिवाय तू गेलीस तर त्यांना सगळ्या वॉर्डांचा इतिहास ऐकावा लागेल. सात वर्षं तिथेच जातील."

मी रडले. त्या हसल्या, पण त्यांच्या हातातली शेंग काही मोडेना.

त्यांचं मन मात्र सरळ नव्हतं, तेही लिही. वन्संना पाडणं-बिडणं आवडायचं नाही. तीन गेलेली बाई ती, पोटातल्या जिवाचं नाव काढलं तरी डोळे भरायचे. आणि बाहेरच्यांनी येऊन शिकवलेलंही त्यांना खपायचं नाही. ती उंच बाई एकदा घरी आली होती. वकीलबाई तिचं बोलणं आपल्या भाषेत सांगत होती. ती म्हणाली, साक्षीत असंही सांगा की हा कायदाच दुष्ट आहे, सगळ्या बायकांना मोकळीक हवी. वन्सं म्हणाल्या, "तिला सांग, मला चादरी विचार. जे मी धुतलं नाही ते मी सांगणार नाही." उंच बाईचं तोंड उतरलं. पण चहा घेतला तिने, दोन कप.

रात्रीची जेवणं झाली की आजोबा आणि वन्सं वाद घालायचे, हळू आवाजात. आजोबा म्हणायचे, "ताई, सरकारचा माणूस पण चूक नाही बोलत. आपल्या घरात काय चालावं हे शेजाऱ्याने का ठरवायचं?"

"मलाही तेच वाटतं रे. पंचाईत तीच आहे."

"मग?"

"आपल्या इमारतीला आग लागली होती त्यानंतर सगळ्यांनी कागद केला होता, आठवतो? कोणाच्या घरात कोणी नाक खुपसायचं नाही. पण आतून धूर आला तर शेजाऱ्याने दार वाजवायचं, आणि आतल्याने उघडायचं. तूही सही केलीस."

"केली."

"मग आता ते दार वाजवतायत. मी काय सांगायचं, धूर नव्हता? माझ्या हौदात नऊ चादरी होत्या रे."

आजोबांनी दिवा मालवला. पण भीती काही जात नव्हती. आदल्या दिवशी वन्संनी आपली ट्रंक भरली. दोन लुगडी, एक शाल, दातांची पावडर. तुरुंगात न्यायला.

सुनावणी एका सरकारी इमारतीत सातव्या मजल्यावर होती. मोठं कोर्ट तिकडे लांब बसलेलं, इकडे पडद्यावर दिसणार. वन्संना लिफ्टची भीती. म्हणून आम्ही दोघी सात मजले चढलो, एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात उशी. हो, उशीच नेली होती, सुतळ्या काढायच्या राहिल्या होत्या. दारावरच्या शिपायाने उशी दाबून पाहिली. "झोपायला आलात का आजी?" वन्सं म्हणाल्या, "आज इथेच ठेवून घेतलं तर लागेल ना."

आत गेलो तेव्हा त्यांना धाप लागलेली, चेहरा पांढराफटक. मला मागच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर पाच माणसं, तीन बाप्ये आणि दोन बाया. ते त्यांच्या भाषेत बोलायचे आणि इथे एक मुलगी आपल्या भाषेत सांगायची. अकरा नंबरच्या मुलीची आई भिंतीकडे बसली होती, पदर तोंडात.

सरकारचा वकील उठला. आधी बराच वेळ पडद्याकडे बघून बोलला. आमच्या देशाचा कायदा आमच्या लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी केला आहे, जन्म कधी सुरू होतो हे आमचं आम्ही ठरवू, लांबच्या देशांनी आपली रीत आमच्यावर लादू नये. खरं सांगू, मला ते पटत होतं. वन्संची मानही हलत होती. मी घाबरले, म्हटलं ही बाई आता त्याच्याच बाजूने बोलते की काय.

मग तो वन्संकडे वळला. "आजी, दवाखान्याचं रजिस्टर खोटं आणि तुमची सुतळी खरी?"

"रजिस्टर मला वाचता येत नाही."

"मेलेल्या बाईच्या खाटेवरून चादरी कशा आल्या?"

वन्संनी उशीची शिवण उसवायला घेतली. दोरा सापडेना. दातांनी तोडला. अख्खी खोली बघत होती. सुतळ्यांचा एक जुडगा काढला, त्यातली एक ओढली, आणि बारीक आवाजात सगळं सांगितलं. गाठोडी संध्याकाळी येतात, धुणं उद्याचं, चिंधी उद्याची. निळी म्हणजे रविवारची संध्याकाळ. नऊ आल्या त्या मंगळवारी संध्याकाळी, मुलगी जिवंत असताना.

वकील हसला. "हे तुम्हाला आज आठवलं? जबाबात का नाही?"

मी खुर्चीतून अर्धी उठले. वन्संनी मागे न बघता हात खाली दाबला, जसा लाँड्रीत दाबायच्या, बस म्हणून.

"कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आम्हाला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

"म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा."

मला वाटलं संपलं. ट्रंक डोळ्यांपुढे आली माझ्या. पण वन्सं जुडग्यात बोटं फिरवत होत्या. पोळीच्या कणकेत खडा शोधावा तशा.

"साहेब," त्या म्हणाल्या, "त्याच आठवड्यात चार नंबरच्या खाटेवर जुळी झाली. मावशीने वरून ओरडून सांगितलं होतं. मी जोडगाठ मारली, ही बघा. माझ्या सुतळीत ती शुक्रवारी आहेत, हिरवी चिंधी. पण त्यांचे जन्माचे दाखले तुम्हीच दिलेत ना, सरकारने? ते काढा. त्यावर गुरुवार असेल. नसला तर मी खोटी, माझी ट्रंक घरी भरलेली आहे."

पडद्यावरच्या एका बाईने काहीतरी म्हटलं. मग कारकून गेला. पाऊण तास लागला त्याला. एवढा वेळ कोणी हललं नाही. वन्सं उशीतला कापूस बोटाने आत ढकलत बसल्या, आणि मी मनातल्या मनात देवाशी भांडत. विचार आला, मावशीने एक दिवस उशिरा सांगितलं असलं तर?

दाखला आला. सरकारी वकिलानेच वाचला. आधी मनात वाचला आणि मग मोठ्याने. गुरुवार.

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने आणखी तीन बाळंतपणं काढायला सांगितली, त्याला वाटतील त्या आठवड्यांतली. वन्संनी सुतळ्या काढल्या, कारकुनाने दाखले काढले. तिन्ही वेळा एकच दिवस मागे. तेव्हा मुलीची आई भिंतीशी हळूच म्हणाली, "रविवार." पुन्हा म्हणाली, "रविवार." दुसरं काहीच नाही.

निकालाला आठ महिने लागले. आजोबांनी पेपर तीनदा वाचून दाखवला. मोठ्या कोर्टाने सांगितलं की कायदा कसा करायचा हे त्या देशाचं त्याने ठरवावं, ते आम्ही सांगणार नाही. पण बाईचा जीव राखू अशी सही तुम्ही केली आहे, आणि तुमच्याच कायद्यात सूट आहे. ती कधी लागू होते हे डॉक्टरला कळत नाही, तुरुंगाच्या भीतीने तो हात बांधून उभा राहतो आणि बाई मरते. ते स्पष्ट लिहा. रजिस्टर दुरुस्त करा, आणि आईची माफी मागा.

कोणाचंच समाधान झालं नाही. मंत्री म्हणाले, बाहेरच्यांनी शहाणपण शिकवू नये. उंच बाई म्हणाली, हे फार थोडं झालं. वन्सं म्हणाल्या, "रजिस्टर सुधारलं ना? बास." त्यांना तुरुंगात कोणी नेलं नाही. पण ट्रंक काही उपसली नाही त्यांनी. दोन वर्षं खाटेखाली भरलेली पडून होती. दारावर थाप पडली की आधी ट्रंकेकडे बघायच्या, मग दाराकडे.

दीड वर्षाने वॉर्डात एक कागद लागला. इतका ताप, इतकं रक्त, असं सगळं आकड्यांत. दोन डॉक्टरांनी सही केली की थांबायचं नाही. मावशीने वाचून घेतला आणि खाली येऊन सांगितला. वन्संनी ऐकला आणि म्हणाल्या, "कागदच तो."

मग एका संध्याकाळी सात नंबरच्या खाटेच्या चार चादरी आल्या. मावशी म्हणाली, "तसंच आहे गं. पाचवा महिना, पाणी गेलंय, ठोका लागतोय." वन्संनी चार गाठी मारल्या आणि त्यांचा चेहरा तसाच झाला, सातव्या मजल्यावरचा. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्यांनी एक हौद तीनदा घासला. मी इस्त्री करता करता बघत होते. संध्याकाळ झाली. गाडीची चाकं उतारावर वाजायला लागली, तशी त्यांनी माझं मनगट धरलं, त्याच बांगडीवर.

गाठोडी उतरवली. एक, दोन, तीन. पाच नंबरची, नऊ नंबरची, बाराची. सातची नव्हती.

नव्हती म्हणजे काय, हे आम्हाला दोघींना कळेना. नसण्याचे दोन अर्थ होतात ना. वन्सं ओल्या हातांनीच वर गेल्या. दवाखान्यात पंधरा वर्षं काढून त्या कधी वॉर्डात गेल्या नव्हत्या, सिस्टरच्या भीतीने. मी मागोमाग.

सात नंबरची खाट रिकामी होती. पांढरी चादर घातलेली, कोपरे नीट खोचलेले, माझ्याच इस्त्रीची घडी. वन्सं खाटेचा दांडा धरून उभ्या राहिल्या. सिस्टर आली, "काय गं, इथे काय काम?"

मीच विचारलं, "सातची कुठाय?"

"जेवायच्या खोलीत. काल रात्रीच दोन्ही डॉक्टरांनी सही केली, मोकळी झाली. बसून जेवतेय. का?"

आम्ही खाली आलो. वन्संनी सात नंबरच्या सुतळीला त्या वाराची चिंधी बांधली. गाठ एकही नाही. तशीच लोंबत ठेवली खिळ्यावर, आणि बराच वेळ बघत राहिल्या, ती चिंधी खाली पडेल की काय अशा.

घरी येऊन त्यांनी ट्रंक उपसली. शाल माझ्या अंगावर टाकली, "घे, वास मारतेय बघ पडून पडून." मग जेवायला बसल्या. पाच पोळ्या खाल्ल्या. तेही लिही.